दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही

लातूर,
दि. १४ मे

प्रिय नंदू,

तुझा मुतखड्याबद्दलचा मेसेज मिळाला. "आता एकदम ओके आहे, पानफुटीच्या पाल्यानं काम केलं, सोमवारपासून पुण्याच्या एसटीवर ड्रायव्हरची ड्यूटी घेतली." वाचून हायसं वाटायला हवं होतं, पण सोबत तू जो सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवलास तो वाचून काळजीच वाटली. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, "बघू रे" म्हणून विषय दुसरीकडे नेतोस. म्हणून सरळ पत्रच लिहितोय. वहिनींनाही वाचायला दे, त्यांच्यासाठीही यात काही आहे.

रिपोर्टमध्ये दोन ओळी कामाच्या आहेत. एक, उजव्या मूत्रनळीच्या वरच्या भागात ७ मिमीचा खडा. दुसरी, उजव्या किडनीला सूज, म्हणजे "माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस". पहिली ओळ तू सगळ्या डेपोला सांगितलीस, दुसरीबद्दल कुणाला काही बोलला नाहीस. मला झोप लागू देत नाही ती दुसरी ओळ.

किडनीतून मूत्राशयापर्यंत जाणारी नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब असते आणि आतून तीन-चार मिलिमीटरच रुंद. तिच्यात तीन जागा अजूनच अरुंद असतात: किडनीतून निघतानाची, मधे मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाते ती, आणि मूत्राशयात शिरतानाची. खडे तिथंच अडकतात. पाच मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपले आपण पडतात. पाच ते दहामधले साधारण निम्मे पडतात, त्यातही खाली आलेले जास्त. दहाच्या वरचे क्वचितच. तुझा सातचा आहे आणि तोही वर अडकलेला. पडेलही, मी नाही म्हणत नाही. पण तो पडला हे तुला कशावरून कळलं? लघवीतून खडा बाहेर पडताना तू पाहिलास का? नंतर परत सोनोग्राफी केलीस का? दोन्ही नाही. फक्त दुखायचं थांबलं.

आता हे नीट वाच. मुतखड्याची कळ खड्याच्या टोचण्यामुळे येते असं आपल्याला वाटतं. खरं तर खडा नळीत अडकला की वर लघवी तुंबते, नळी आणि किडनी ताणली जाते, नळी खड्याला पुढे ढकलायला आवळते, आणि पाठीच्या बाजूनं जांघेपर्यंत ती कळ येते. माणूस ना बसू शकतो ना आडवा राहू शकतो, तू तर त्या रात्री घरभर फिरत होतास असं वहिनी सांगत होत्या. पण तीच तुंबलेली किडनी काही वेळानं आपला रक्तपुरवठा कमी करून घेते, लघवी कमी बनवते, आतला दाब उतरतो, आणि दुखणं मंदावतं. खडा मात्र जागच्या जागी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस बरा झाला. आत किडनी हळूहळू काम सोडत असते. नळी पूर्ण बंद राहिली तर काही आठवड्यांतच असं नुकसान होतं जे पुढे खडा काढला तरी भरून येत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. सीटी स्कॅनच्या मशीनवर बसून रोज बघतो. औशाकडचे एक शेतकरी पडल्यामुळे कंबर दुखते म्हणून आले होते. काचेच्या अलीकडे मी स्क्रीनवर चित्र सरकवत होतो, कण्याला काही झालं नव्हतं. पण डाव्या बाजूला किडनीच्या जागी पाण्याची मोठी पिशवी, आणि तिच्याभोवती किडनीचा म्हणून उरलेला भाग भाकरीच्या पापुद्र्याएवढा. नळीत पांढराशुभ्र खडा. विचारलं तर म्हणाले, "दोन वर्षांमागं दुखलं होतं, इंजेक्शन घेतलं, काढा घेतला, मग काही त्रासच झाला नाही." काही त्रासच झाला नाही, नंदू. ती किडनी पुढे काढावी लागली. एका किडनीवर माणूस नीट जगतो, तेही जगतायत. पण एक साधी सोनोग्राफी वेळेत झाली असती तर दोन्ही राहिल्या असत्या.

पानफुटीवर माझा राग नाही. कुळथाचं माडगं तर मला आवडतंच, पावसाळ्यात आई करायची. पण कॅल्शियमचा खडा, आणि दहातले आठ खडे कॅल्शियमचेच असतात, तो कुठल्या पाल्यानं, काढ्यानं किंवा गोळीनं विरघळतो याला पुरावा नाही. लहान खडे तसेही पडतात, आणि त्या आठवड्यात जे काही पोटात गेलं असेल त्याला मान मिळतो. युरिक ॲसिडचा खडा मात्र औषधानं खरंच विरघळू शकतो, पण त्यासाठी आधी खडा कसला आहे ते कळायला हवं. आणि तो डेपोतला बिअरचा सल्ला मनातून काढून टाक. कळ आलेली असताना ढोसून पाणी प्यायलं तरी खडा लवकर पडत नाही, उलट तुंबलेल्यावर आणखी ताण येतो. बिअरनं तर युरिक ॲसिड वाढतं.

तर करायचं काय? पोट-मूत्रमार्गाचा साधा सीटी, ज्याला केयूबी म्हणतात. सोनोग्राफीत नळीचा मधला भाग आतड्यातल्या गॅसमुळे दिसत नाही, सीटीत सगळी नळी दिसते. शिरेतून कसलंही औषध टोचावं लागत नाही, टेबलावर काही मिनिटं पडून राहायचं एवढंच. खडा आहे का, कुठे सरकला, किडनीची सूज उतरली का, तिन्ही गोष्टी कळतात. शिवाय खडा किती टणक आहे याचा आकडाही मिळतो. तो हजाराच्या वर गेला की बाहेरून ध्वनीच्या लाटा मारून फोडणं अवघड जातं, मग डॉक्टर दुर्बिणीकडे वळतात. सीटी लगेच जमणार नसेल तर निदान मूत्राशय भरलेलं ठेवून परत सोनोग्राफी कर आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघ, किडनी किती काम करतेय ते त्यावरून कळतं. तुला लांब जायचीही गरज नाही, अंबाजोगाईतच स्वाराती, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे. तिथं जमलं नाही तर लातूरला ये, माझ्याकडे मुक्काम कर.

ऑपरेशनची भीती तुझ्या मनात काकांच्या वेळची आहे. पोटाला वीतभर चीर, पंधरा दिवस खाटेवर. ते दिवस गेले. १९८० मध्ये जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा बाहेरून लाटा देऊन माणसाच्या किडनीतला खडा फोडला, तेव्हापासून हे सगळं बदलत गेलं. तुझ्यासारख्या खड्याला आता बहुतेक वेळा लघवीच्या वाटेनंच दुर्बीण नेऊन लेसरनं चुरा करतात. कुठे चीर नाही, एक-दोन दिवसांत घरी. खर्चाचं म्हणशील तर महात्मा फुले योजनेत मुतखड्याच्या बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचार. एसटीकडून बिल मिळतं का तेही डेपोच्या ऑफिसात विचारून ठेव.

एक मात्र मनावर कोरून ठेव. दुर्बिणीनंतर आत मऊ प्लॅस्टिकची नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती असेपर्यंत लघवीला सारखी घाई होते, लघवी करताना कुशीत दुखतं, कधी लघवी लालसर होते, त्याला घाबरायचं नाही. पण ती ठरल्या तारखेला काढायची म्हणजे काढायचीच. माझ्यासमोर असे एक्स-रे आले आहेत की त्रास कमी झाला म्हणून माणूस परत दवाखान्यात गेलाच नाही, आणि नळीच्या दोन्ही टोकांवर खड्यांचे गोळे चढलेले. एक खडा काढायला गेलेल्या माणसाला मग दोन-तीन ऑपरेशनं. वहिनींना सांग, तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

आणि थंडी वाजून ताप आला, तर ही सगळी चर्चा बंद. अडकलेला खडा आणि वर तुंबलेल्या लघवीत जंतू, हे काही तासांत जिवावर बेततं. तशा वेळी खडा नंतर, आधी तुंबलेलं पाणी मोकळं करावं लागतं. रात्र असो, मुक्कामी गाडी असो, स्टेअरिंग सोड आणि सरळ दवाखाना गाठ. उलट्या थांबत नसतील किंवा लघवीच बंद झाली तरी तेच. तुला शुगर आहे हे विसरू नकोस, शुगर असलेल्यांत हे जास्त भराभर चढतं. आणि दर कळेला ते दुखण्याचं इंजेक्शन मारून घेणं बंद कर. एखाद-दुसऱ्या वेळी डॉक्टरनं दिलं तर ते योग्य औषध आहे, पण आधीच ताणलेल्या किडनीला त्याचा मारा सोसत नाही.

आता तू पाणी किती पितोस ते. मला माहीत आहे, नंदू. उन्हाळ्यात केबिनमध्ये पायाशी इंजिनची वाफ, समोरून ऊन, अंगातून धारा, आणि गाडी मधे थांबवायला नको म्हणून तू सकाळपासून एक बाटली पुरवतोस. आपण मराठवाड्यातले, पाणी जपून वापरायची सवय हाडात मुरलेली. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आपल्या घरांनी काढलेत. पण प्यायच्या पाण्यात काटकसर करायची नाही. बोअरच्या खारट पाण्याला सगळे दोष देतात. खरं कारण बहुतेकदा कमी पिणं हे असतं. चोवीस तासांत लघवी अडीच लिटरच्या आसपास झाली पाहिजे, म्हणजे तुझ्या कामात उन्हाळ्यात साडेतीन-चार लिटर प्यावं लागेल. बाटल्या मोजत बसू नकोस, लघवीचा रंग बघ. फिकट पाण्यासारखी असली की बरं, पिवळीजर्द असली की कमी पडलं. आणि प्रत्येक स्टँडवर उतरून जाऊन ये. नोंद करायला कंडक्टर कंट्रोलरकडे जातोच, तेवढ्या वेळात होतं.

वहिनींनी तुझं दूध, ताक, टोमॅटो, वांगं सगळं बंद केलंय म्हणे. त्यांना सांग, दूध-ताक परत सुरू करा. कॅल्शियमचा खडा म्हणून कॅल्शियम तोडायचं, हे पटण्यासारखं वाटतं, पण उलटं होतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सॅलेटला, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडा बनवणाऱ्या, भाज्यांतून येणाऱ्या पदार्थाला, धरून बाहेर नेतं. ते नसलं तर ऑक्सॅलेट रक्तातून किडनीत येऊन बसतं. इटलीत पार्मा इथं, वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं कॅल्शियम तोडलं त्या साठांपैकी २३ जणांना परत खडा झाला. ज्यांना कॅल्शियम नेहमीएवढं देऊन मीठ आणि मांस कमी केलं त्या साठांपैकी १२ जणांना. तेव्हा तोडायचं असेल तर मीठ तोड. ढाब्यावरचा रस्सा, शेव, पापड, ताटातलं लोणचं, वरून घेतलेलं मीठ. मटण रविवारी खा, पण बेतानं. टोमॅटो-वांग्याच्या बियांचा खड्याशी संबंध नाही. पालक, चुका, राजगिऱ्याची भाजी यांत मात्र ऑक्सॅलेट भरपूर असतं, ती कमी खा आणि खाशील तेव्हा सोबत वाटीभर दही घे. लिंबू रोज पाण्यात पिळ, साखर-मीठ न टाकता. लिंबातलं सायट्रेट खडा जमू देत नाही. एकदा खडा झालेल्या निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत परत होतो, म्हणून हे पथ्य तात्पुरतं नाही.

वहिनी, हे तुमच्यासाठी. दर एक-दोन महिन्यांनी तुम्हाला "उन्हाळी लागते", जळजळ होते, थेंब थेंब होते, आणि तुम्ही मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या खाऊन उरलेल्या डब्यात ठेवता, असं नंदूकडून कळलं. बायकांची लघवीची वाट जेमतेम चार सेंटिमीटर, जंतूंना वर चढायला फार वेळ लागत नाही. धणे-जिऱ्याचं पाणी प्यायला हरकत नाही, पण असं वारंवार होतं तेव्हा गोळी घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर करा. कुठला जंतू आहे, कोणत्या औषधाला दबतो, ते त्यात कळतं. अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, पुढच्या वेळी तेच औषध चालेनासं होतं. शुगरही तपासा. आणि शाळेत दिवसभर लघवी धरून ठेवता, कारण तिथलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नाही, याबद्दल मुख्याध्यापकांशी बोला. तुम्ही पाचजणी मिळून बोललात तर ऐकावं लागेल. डेपोतल्या कंडक्टर मुलींचंही हेच चालू असेल, नंदूनं युनियनच्या बैठकीत हा विषय काढावा असं मला मनापासून वाटतं. त्या मुली पाणीच पीत नाहीत, आणि ते कुणी विचारत नाही.

अण्णांचं रात्री चार-पाच वेळा उठणं, धार बारीक होणं, हेही वय झालं म्हणून सोडून देऊ नका. प्रोस्टेट वाढलं असेल. त्यावर गोळ्या आहेत आणि त्या बऱ्याच जणांना लागू पडतात. लघवी एकदम अडली तर घरी शेकत बसू नका, दवाखान्यात नळी घालून मिनिटांत मोकळी करतात.

तर नंदू, बुधवारी तुझी साप्ताहिक सुट्टी आहे. सकाळी जा. तोवर लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळत जा, वाळूच्या कणाएवढं काही सापडलं तरी डबीत जपून ठेव, तो खडा कसला आहे हे लॅबमध्ये तपासता येतं. सीटी झाला की रिपोर्टसोबत फिल्म आणि सीडीही मागून घे, नुसता मोबाइलवरचा फोटो नको. मला संध्याकाळी फोन कर, मी सहानंतर मोकळा असतो. पुण्याची ड्यूटी तोवर कुणाला तरी बदलून दे. घाटात ती कळ परत उठली तर तुझ्यामागे चाळीस माणसं बसलेली असतील.

अण्णांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष