फोटोखाली नाव, तारीख आणि ठिकाण छापा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

ज्येष्ठ युद्धछायाचित्रकार डॉन मॅक्युलिन यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. निम्मा लेख एका कॅमेऱ्यावरच खर्ची पडला आहे. १९७० मध्ये कंबोडियात बंदुकीची गोळी त्यांच्या निकॉन एफवर आदळली आणि ते बचावले, ही गोष्ट खरी आणि सांगण्यासारखीही आहे. पण हा माणूस काम कसे करीत असे, ते लेखात कुठे दिसले नाही. शिवाय सोबतच्या तीन फोटोंपैकी एकाखालीही तो कुणी, कुठे, कधी काढला हे नव्हते. आमची मुख्य तक्रार या दुसऱ्या गोष्टीची आहे.

आधी काम. गोळीबार सुरू असतानाही लाइट मीटरने उजेड मोजून घेण्याची मॅक्युलिन यांची सवय होती. ऐकायला हे वेडेपणाचे वाटते. त्या काळी वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांकडे सर्रास असलेली ट्राय-एक्स ही ४०० वेगाची कृष्णधवल फिल्म घेतली, तर भर उन्हात भिंगाचे छिद्र एफ-१६ आणि शटर सेकंदाचा पाचशेवा भाग हे गणित कुणालाही पाठ असते. चूक होते ती सावलीत. हेल्मेटच्या कडेखाली चेहरा झाकोळलेला आणि मागे आकाश तळपते, अशा वेळी उन्हाचा हिशेब धरला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. मांडवाच्या दारात उभ्या नवरदेवाचे हेच होते. तिथे भिंग दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उघडावेच लागते. १९६८ मध्ये व्हिएतनाममधील ह्युए येथे मॅक्युलिन यांनी एका भेदरलेल्या अमेरिकन सैनिकाच्या पाच फ्रेम घेतल्या. पाचही फ्रेममध्ये त्याची नजर तीच, पापणीही लवलेली नाही. त्या फोटोत सारे काही त्या डोळ्यांतच आहे. उजेड चुकला असता तर उरले असते फक्त एक हेल्मेट.

एका रोलमध्ये ३६ फ्रेम. रोल बदलायला सरावाच्या हातालाही अर्धे-एक मिनिट लागते, म्हणून गळ्यात दोन कॅमेरे. रोलच्या डबीला, जिथून फिल्म बाहेर येते तिथे, मखमली पट्टी असते. तिच्यात वाळूचा एक कण अडकला की पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत एकच सरळ ओरखडा उमटतो. म्हणून रोल वाऱ्याकडे पाठ करून, शर्टाच्या आडोशाला बदलायचा.

दुसऱ्या महायुद्धातले छायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी ६ जून १९४४ रोजी, दोस्त सैन्य फ्रान्समध्ये उतरले तेव्हा, ओमाहा किनाऱ्यावर काढलेल्या फोटोंपैकी दहा-अकराच आज आपल्याला माहीत आहेत. लंडनच्या डार्करूममधल्या पोऱ्याने वाळवणीच्या कपाटाची उष्णता वाढवली आणि फिल्मवरचा थर वितळून बाकीचे गेले, ही कथा वर्षानुवर्षे छापून येते. अलीकडच्या अभ्यासकांना ती मान्य नाही. विदर्भात मे महिन्यात ज्याने फिल्म धुतली आहे, त्यालाही ती पटायची नाही. थर बिघडतो तो बहुधा वाळताना नाही, ओला असताना. पाण्याने फुगलेल्या जिलेटिनला नख लागले तरी ते सोलून निघते. स्लॅबवरच्या टाकीचे पाणी दुपारी ३५ अंशांच्या वर जाते आणि फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या डी-७६ डेव्हलपरला हवे असतात २० अंश. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होतो. घमेल्यात बर्फाचे पाणी घेऊन बाटल्या आणि टँक त्यात उभे ठेवायचे. डेव्हलपर, चित्र पक्के करणारा हायपो आणि शेवटचे पाणी तिन्ही जवळपास एकाच तापमानाला हवे. थंड द्रावणातली फिल्म एकदम टाकीच्या पाण्यात गेली की सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखी बारीक जाळी उमटते, आणि ती पुढे कशानेही जात नाही. वाळवायला पंखा लावायचा नाही. जिनिंगच्या हंगामात हवेतला कापसाचा तंतू ओल्या थरावर बसला की तिथेच चिकटून वाळतो.

एवढे करून निगेटिव्ह हाती आले, तरी काम निम्मेच झालेले असते. प्रत्येक रोलला क्रमांक आणि वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, ठिकाण, तुकडी, माणसाचे नाव. ही वही हरवली की फोटो कुठलाही, कधीचाही म्हणून खपवता येतो. लखनौच्या सिकंदरबागेचा, अंगणात हाडे विखुरलेली दाखवणारा, एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकार फेलिस बेआतो यांचा फोटो बरेचदा ‘१८५७’ म्हणून छापला जातो. लढाई नोव्हेंबर १८५७ ची, फोटो १८५८ चा, आणि हाडे फोटोसाठी मांडून घेतली होती असे अभ्यासक सांगतात. खाली नुसते साल बरोबर छापले तरी वाचक सावध होतो.

मॅक्युलिन यांनी १९७१ मध्ये आपल्याकडे आलेल्या बांगलादेशी निर्वासितांचे पावसाळ्यातले हाल टिपले. त्यांच्यावर लेख येतो ते योग्यच. पण त्याच वर्षी कुणाचीही नेमणूक नसताना आपणहून बांगलादेशात गेलेल्या छायाचित्रकार किशोर पारेख यांचे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? भावनगरचा हा माणूस जेमतेम दोन आठवडे तिथे होता आणि त्यातून ६७ फोटोंचे पुस्तक उभे राहिले. रॉयटर्स वृत्तसंस्थेचे भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला मारले गेले, तेव्हा त्यांनी काढलेले फोटो आपल्याकडच्या मोबाइलवर आधीच फिरत होते, बिनानावाचे.

मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात व्हिडिओ गेममधली दृश्ये खरी म्हणून ग्रुपवर फिरली. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याच्या पोटातली तारीख आणि कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सहसा टिकते. आपल्या वार्ताहरांनी एवढे तरी पाळावे.

माजी सैनिकांच्या घरी ६५ आणि ७१ चे फोटो, निगेटिव्ह अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. ते मागवून छापण्याचा उपक्रम आपण जरूर करावा, मात्र सूचना आधी द्या. फोटोमागे बॉलपेनने लिहू नये, पुढून वळ दिसतो. मऊ पेन्सिलीने कडेला लिहावे. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, पावसाळ्यात दमट धरून बुरशी येते. कागदी पाकीट बरे. एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नयेत, जाणकाराकडे न्यावेत.

१६ डिसेंबरला विजय दिवसानिमित्त ढाक्यातील शरणागतीचा फोटो आपण नेहमीप्रमाणे छापालच. या वेळी त्याखाली छायाचित्रकाराचे नाव शोधून छापा. सापडले नाही, तर ‘छायाचित्रकार अज्ञात’ एवढे दोन शब्द तरी छापावेत.

— फोटो स्टुडिओ चालवणारे काही वाचक,
आर्वी तालुका, जि. वर्धा