उजळाईवाडीच्या रिक्षावाल्या मामांना

मामा, तुमचं नाव विचारायचं राहिलं, नंबर पण घेतला नाही. रिक्षाच्या मागे 'आई अंबाबाई प्रसन्न' लिहिलेलं तेवढं आठवतंय, पण कोल्हापुरात त्यावरनं रिक्षा शोधायची म्हटलं तर अख्खं आयुष्य जाईल. म्हणून इथंच लिहितेय, कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला.

मागच्या आठवड्यात मी आणि आई हैदराबादहून आलो, भावाकडनं. आई अठ्ठ्याहत्तरची, उजवा गुडघा वाकतच नाही. विमानातनं तासा-दीड तासात कोल्हापूर आलं, खरा प्रवास तिथनं पुढंच सुरू झाला. आम्हा सांगलीकरांना विमान म्हटलं की कोल्हापूरच, सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ होणार होणार म्हणून मी शाळेत असल्यापासनं ऐकतेय. बरं कोल्हापूरचा हा उजळाईवाडीचा विमानतळ काय आजचा नाही, १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालाय, आणि २०२४ मध्ये नवीन टर्मिनल पण झालं, वाड्यासारख्या कमानी वगैरे, फोटो काढावा असं. आत सगळं चकाचक. बाहेर आल्यावर मात्र पुढं जायचं कसं ते ज्यानं त्यानं बघायचं!

आमची गाडी ठरलेली होती हो. सांगलीतल्याच एका ट्रॅव्हल्सवाल्यानं आदल्या रात्री 'ताई निवांत या, गाडी उभी असेल' म्हणून सांगितलं होतं. उतरल्यावर फोन केला तर गाडी पंक्चर, परत केला तर फोनच बंद. बाहेर एक टॅक्सीवाला म्हणाला सांगलीला २,५०० होतील, रिकामं परत यायला लागतंय. मी म्हटलं जरा कमी करा, तर त्यानं आईच्या काठीकडं बघितलं आणि म्हणाला, मग जावा की चालत हायवेपर्यंत. ॲपवर दोन गाड्या लागल्या आणि दोन्ही कॅन्सल झाल्या, एकानं तर 'सांगली? नको' एवढं बोलून ठेवून दिला. आमच्या घरातले एक जण न्यायला येणार होते त्यांच्याबद्दल मी इथं लिहीत नाही, ते हे वाचणारेत.

मग तुम्ही कुणाला तरी सोडायला आला होता आणि परत निघाला होता. स्वतःहून थांबलात. मी म्हटलं सांगली फाट्यावर सोडा, तिथनं एसटी मिळेल. तुम्ही म्हणालात, 'फाट्यावर गाडी भरून येत्या ताई, मावशींना उभं राहून जायला लागंल. अंतर काय लई फरक न्हाई, स्टँडवर चला, बसायला जागा तर मिळंल.' हे मला सुचलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्या पाटाचं. आई रिक्षात पाय टाकायला गेली आणि तिला जमेना, तेव्हा तुम्ही सीटखालनं एक लाकडी पाट काढलात, जेवायला बसायचा असतो तसला, एका बाजूचा रंग उडालेला. खाली ठेवलात, डगमगायला लागला तसा स्वतःच्या पायानं दाबून धरलात, आणि दुसरा हात वरच्या दांडीवर, आईचं डोकं आपटू नये म्हणून. 'दमानं मावशी, घाई न्हाई कुणाला.' पाट कशाला ठेवता विचारलं तर म्हणालात, लेक बाळंतपणाला आली होती तेव्हा ठेवलेला, मग लोकांना उपयोगी पडायला लागला.

मीटरचे झाले तेवढेच घेतलेत. मला वाटलं आता जाल, तर तुम्ही रिक्षा बाहेर लावून पाट काखेत मारून आमच्याबरोबर स्टँडच्या आत आलात! एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते ते आमच्यासारख्यांनाच माहीत. गाडी लागल्यावर ही गर्दी, मागनं लोक चला की ओ, चला की करतायत, आणि तुम्ही तिथं पायरीखाली पाट मांडून उभे, त्याच्यावर तुमचा पाय. 'थांबा की जरा, मावशी चढत्यात.' आणि थांबले हो लोक! एकानं तर खिडकीजवळची जागा आईला दिली. तुमचं बघूनच दिली, एरवी सगळे मोबाईलमध्ये मान घालून असतात. माणसाला चांगलं वागायला कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते बहुतेक.

पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं आईचं शून्य आणि माझं अर्धं. २,५०० वाल्याला हे सांगायला पाहिजे होतं. अंकलीच्या पुलापर्यंत आई तुमच्याबद्दलच बोलत होती, आणि सांगली स्टँडवर उतरताना पायरीवरच थांबून खाली बघायला लागली. मी म्हटलं काय शोधतेयस, तर म्हणाली, पाट.

हैदराबादची फ्रूट बिस्किटं तुम्हाला द्यायची तिच्या मनात होती, गडबडीत राहून गेली. पुडा अजून फडताळात आहे, नातवाला पण फोडू देत नाही. तीन तारखेला भावाला आणायला मी परत उजळाईवाडीला येणार आहे, पुडा घेऊन गेटपाशी थांबते. बिस्किटांची एक्स्पायरी पुढच्याच महिन्यात आहे, तेवढं बघा.