भिवंडी बांगलादेशात नव्हती!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अग्रलेखाबद्दल लिहीत आहे. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर भाषा छापण्याजोगी राहिली नसती, म्हणून एक रात्र जाऊ दिली.

कामगार संघटनांनी जगाचं भान ठेवावं, बांगलादेश-व्हिएतनामचा मजूर स्वस्तात राबतो हे ओळखून समंजस व्हावं, नाहीतर मुंबईच्या गिरण्यांचं झालं तेच सगळीकडे होईल, असा आपला सल्ला. सल्ला उत्तम आहे. अडचण एवढीच की १९८२ साली बांगलादेशातला तयार कपड्यांचा धंदा नुकता कुठे रांगत होता. आमच्या पोटावर पाय आला तो ढाक्याहून नव्हे, भिवंडीहून. कल्याणला उतरून एसटी धरली की आलंच.

माझे वडील साचेवाले, म्हणजे मुंबईच्या गिरणीतले विणकर. गिरणीतल्या विणायच्या यंत्राला आम्ही साचा म्हणायचो. गिरणीचं नाव लिहीत नाही, आता तिथे ज्या कंपन्यांची ऑफिसं आहेत त्यांना उगाच त्रास नको. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पहिले काही महिने गावच्या तांदळावर निघाले. पावसाळा सरला तसे वडील नायगावच्या खोलीतून वळकटी घेऊन भिवंडीला गेले, यंत्रमागावर. गेट मीटिंगला पहिल्या रांगेत बसणारा माणूस! गिरणीत आठ तासांची पाळी होती, महागाई भत्ता होता, प्रॉव्हिडंट फंड होता. भिवंडीत बारा तास, मजुरी मीटरवर, हजेरीचा कागदसुद्धा नाही. झोप दोन मागांमधल्या वाटेत, गोणपाटावर. शुक्रवारी माग बंद, तेव्हा घरी येत. कानात खडखडाट भरलेला असायचा, त्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीत ओरडून बोलत.

त्या दिवाळीत आम्हा भावंडांच्या शर्टांना कापड घ्यायला दादरला गेलो. दुकानदाराने ठाण उलगडलं, तर कडेला वडिलांच्याच गिरणीचा शिक्का. गिरणीला दहा महिने टाळं, आणि कापड करकरीत नवं. वडिलांनी किनार नखाने चाचपली आणि म्हणाले, “हे आपल्या साच्यावरचं नाही. मागावरचं आहे.” दुकानदार हसला. म्हणाला, “काका, शिक्का बघा ना!” वडिलांनी शिक्का बघितला आणि कापड न घेताच आम्ही परत आलो. कुणी सांगावं, ते त्यांनीच विणलेलं असेल.

आता सांगा, माझ्या वडिलांची स्पर्धा कोणाशी होती? मालकाने कापड विकणं थांबवलं नव्हतं. फक्त ते जिथे विणलं जाई ती जागा बदलली होती, कायदा जिथे फिरकत नाही अशा जागी नेली होती. लालबागच्या मोर्चात भिवंडीचा मागवाला मला कधी दिसला नाही. आमच्या पुढाऱ्यांची नजर गिरणीच्या फाटकापर्यंतच पोचत होती, हे मला मान्य आहे. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांनी संप सुरू केला, पण मागे फिरायची वाट ठेवली नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. यावर आपण टीका केली असती तर मी पत्र लिहिलं नसतं.

पण समंजस संघटना हवी होती म्हणता? होती की! १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने दिलेलीच होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. उद्योगातले पंचवीस टक्के सभासद दाखवले की ती प्रतिनिधी संघटना. मग बाकीचे कामगार कोणाच्या का मागे जाईनात, करारावर सही तिचीच. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक मुख्य मागणी होती. आपल्या अग्रलेखात तिचा उल्लेख शोधून सापडला नाही. दोनदा वाचला.

बांगलादेशचंच उदाहरण द्यायचं तर पुरतं द्यावं. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावारमधली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेहून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं. त्यानंतर महिनाभराच्या आत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांनी एक करार घडवून आणला. तो कारखानदाराशी नव्हता. ज्यांची नावं कपड्यावर लागतात त्या युरोपातल्या बड्या कंपन्यांना त्यात कायद्याने बांधून घेतलं. कारखान्यांची तपासणी करा, अहवाल जाहीर करा, दुरुस्तीला पैसा उपलब्ध होईल असं बघा. दोनशेच्या वर कंपन्यांनी सह्या केल्या. शिक्केवाल्याला धरलं, तेव्हा हललं. १९८२मध्ये आमच्या लोकांनी नेमकं हेच करायला हवं होतं. पण असं सुचवलं तर आपण त्याला समंजसपणा म्हणाल का, शंका आहे.

तसं पाहिलं तर ‘परदेशातला स्वस्त मजूर’ एकेकाळी आम्हीच होतो. मुंबईच्या गिरण्यांतल्या पोरांचा कळवळा सर्वांत आधी आला तो इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना! त्यांच्याच रेट्याने १८८१चा कारखाना कायदा झाला आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना ‘फक्त’ नऊ तास काम ठरलं. रविवारची सुट्टी मात्र त्या कळवळ्यातून मिळाली नाही. ती १८९०मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवली.

आणि ‘संपाने गिरण्या संपवल्या’ हे वाक्य आता पुरे करा. १९९१च्या विकास नियमात, गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे तीन वाटे होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ साली नियम बदलून ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली. तेव्हा कुठला संप चालू होता? ज्यांनी त्या जमिनीवर जन्म काढला त्यांच्या वारसांना आता बदलापूरच्याही पलीकडच्या शेलू-वांगणीची घरं दाखवतात.

जाता जाता. त्याच अंकासोबत मालमत्तेची गुळगुळीत पुरवणी होती, त्यात लोअर परळच्या एका टॉवरचा पत्ता ‘अप्पर वरळी’ असा छापला होता. जाहिरातदाराने काय लिहावं ते त्याचं त्याने ठरवावं, पण खालच्या मजकुरात आपल्या वार्ताहरानेही तेच नाव वापरलं आहे. तेवढं तरी तपासत चला.

जागेअभावी पत्र कापायचं झालं तर लँकेशायरचा भाग कापा. किनारीचा कापू नका.

— एका साचेवाल्याचा मुलगा, डोंबिवली (पूर्व)
(नाव छापू नये.)