युक्ती ज्याची, नाव त्याचे

‘शेतीशाळांकडे शेतकऱ्यांची पाठ’ ही शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गांविषयीची बातमी वाचली. शेतकरी आपले ज्ञान राखून ठेवतो, हा तिचा सूर पटला नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांतून निवड करत त्यांनी ‘एचएमटी’ वाण घडवला आणि बियाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले. राष्ट्रीय पुरस्कार मात्र २००५ मध्ये मिळाला; इतकी वर्षे का लागावीत? आमच्याकडे पान उलटून कीड दाखवणारा शेतकरी बांधावर तासभर बोलतो, सभागृहात माईक पुढे केला की गप्प होतो. शेतीशाळा त्याच्याच शिवारात भरवा आणि त्याची युक्ती इतर गावांत सांगताना त्याचे नाव जरूर घ्या.

– एक धान उत्पादक, ब्रह्मपुरी