प्लॅटफॉर्म निवडताना कोड लिहिणाऱ्यांना विचारा

महोदय,

सॉफ्टवेअरचे काम रखडले की कंपन्यांमध्ये पहिले बोट प्रोग्रामरच्या वेगाकडे दाखवले जाते. मात्र वेबसाइट कोणत्या भाषेत आणि कोणत्या फ्रेमवर्कवर (कोडच्या तयार सांगाड्यावर) उभारायची, हा त्या वेगावर मोठा परिणाम करणारा निर्णय अनेकदा असे लोक घेतात ज्यांना पुढे कोडची एक ओळही लिहायची नसते. बड्या कंपन्या काय वापरतात आणि बाजारात कशाचे उमेदवार मुबलक आहेत, एवढेच त्यात पाहिले जाते. हे बदलायला हवे, असे मला मनापासून वाटते.

जँगो या वेबसाइट उभारण्याच्या फ्रेमवर्कचे उदाहरण वृत्तपत्राच्या वाचकांना जवळचे वाटावे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात त्याचा जन्म झाला आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बातमी थांबत नसल्याने तिथे नवी पाने दिवसांत, कधी तासांतही तयार करावी लागत. म्हणूनच माहितीचा आराखडा एकदा लिहिला की ती भरण्याची आणि दुरुस्त करण्याची पाने जँगो स्वतःच तयार करून देते. याउलट अनेक प्रकल्पांत अर्जामध्ये पिनकोडचा एक रकाना वाढवायचा तर डेटाबेस, सर्व्हर, एपीआय (प्रोग्राममधील देवाणघेवाणीचा दुवा) आणि पडद्यावरचा फॉर्म अशा चार ठिकाणी हात घालावा लागतो आणि बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम तयार होण्याची प्रक्रिया) पूर्ण होईपर्यंत ताटकळत बसावे लागते. हा वेळ कोणत्याही टाइमशीटमध्ये वेगळा दिसत नाही.

मोठे नाव पाठीशी असले म्हणजे निश्चिंती, हेही खरे नाही. गूगलचे अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क २०१० मध्ये आले. २०१६ ची पुढची आवृत्ती मुळापासून वेगळी असल्याने जुना कोड तिच्यावर जसाच्या तसा चालेना, आणि २०२१ अखेर जुन्या आवृत्तीचा आधारही थांबला. उद्या लाखो वापरकर्ते आले तर काय, ही शंका रास्त आहे. पण विकिपीडियासारखा प्रचंड वाचकवर्ग असलेला प्रकल्प आजही पीएचपी या जुन्याजाणत्या प्रोग्रामिंग भाषेवरच चालतो.

कंपन्यांनी निवडीपूर्वी प्रत्यक्ष काम करणाऱ्या चमूकडून एकच छोटे काम दोन प्लॅटफॉर्मवर करून घ्यावे, आणि नंतर त्यात बदल करण्यासाठी ते तिसऱ्याच सहकाऱ्याच्या हाती द्यावे. त्याला किती वेळ लागला, याची नोंद निर्णयाच्या कागदपत्रांत असलीच पाहिजे.

— एक वेब प्रोग्रामर, पुणे