खाडीचा गाळही तपासा

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि ऑगस्ट 2022 मध्ये खाडीला पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय कराराखालील क्षेत्राचा दर्जा मिळाला. खाडीकाठी राहणाऱ्या आम्हा सर्वांना या दोन्ही निर्णयांचा मनापासून आनंद आहे. मात्र खाडीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोलणे पाण्याचा रंग, फेस, दुर्गंधी आणि मेलेले मासे यांच्यापाशीच थांबते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा हे जड धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत. ते चिखलाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात आणि तिथेच साठत जातात. त्यामुळे पाण्याचा नमुना बरा निघाला म्हणून खाडी बरी आहे, असे मानता येत नाही.

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू कालांतराने कुजवून संपवतात. धातू कुजत नाही. ओहोटीला तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातील झाडांच्या, कडेचा चिखल जरा उकरून पाहिला, तर वरच्या पातळ तपकिरी थराखाली कुजक्या अंड्यासारखा वास येणारा काळा गाळ लागतो. प्राणवायू नसलेल्या या थरातील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि त्याच्याशी संयोग होऊन अनेक धातू पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतात. हा गाळ जागेवर आहे तोवर त्यातले बरेचसे धातू बांधलेले राहतात. तोच उपसून उघड्यावर टाकला की हवेतील प्राणवायूने सल्फाइड फुटते, आम्ल तयार होते आणि धातू पुन्हा पाण्यात उतरू लागतात. जेट्टी, पूल, जलमार्ग यांसाठी खाडीचा तळ उपसताना ही गोष्ट विचारात घेतली जाते का, हा माझा पहिला प्रश्न आहे. कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

कांदळवने हे सारे विष शोषून घेतात, असा एक समज अलीकडे पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. तिवराच्या मुळांतून झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे मुळांभोवती लोहाचा गंजासारखा थर बसतो, त्यात बरेच धातू अडतात आणि जे आत जातात त्यांचा मोठा वाटा मुळांतच राहतो. थोडा भाग मात्र पानांपर्यंत पोहोचतो. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते, उन्हात त्याचे कण पानावर चमकताना दिसतात. या मिठाबरोबर काही धातूही बाहेर पडतात. मग ही पाने चिखलात गळतात, कुजतात, खेकडे ती खातात. कालवांसारखे शिंपले, निवट्या मासे, चिंबोऱ्या याच चिखलावर जगतात आणि त्यांच्यामागून पक्षी व माणसे येतात. तेव्हा गाळाबरोबर तिवराची मुळे आणि पानेही तपासली पाहिजेत.

पाऱ्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. उल्हास नदीच्या मुखाकडील गाळात संशोधकांना पारा पूर्वीच आढळला आहे. कॉस्टिक सोडा बनवताना पाऱ्याचे विद्युतघट वापरण्याची पद्धत देशात आता मागे पडली असली, तरी आधी तळाशी बसलेला पारा त्यामुळे नाहीसा होत नाही. प्राणवायूविरहित चिखलात त्याचे मिथिल पारा हे अत्यंत विषारी रूप तयार होऊ शकते आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता येथे या विषबाधेची अधिकृत नोंद 1956 मध्ये झाली, कारखान्याने पारा सोडणे 1968 मध्ये थांबले, तरीही उपसागरातील दूषित गाळ काढून बंदिस्त करण्याचे काम 1977 ते 1990 इतकी वर्षे चालले. आपली खाडी मिनामाता आहे, असे मी म्हणत नाही. परंतु सोडणे थांबल्यानंतरही गाळाचा प्रश्न किती काळ उरतो, हे तिथे दिसले आहे.

आपल्याकडे हे धातू येण्याच्या वाटा अनेक आहेत: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योग, मुलामा देण्याचे छोटे कारखाने, जुन्या बॅटऱ्या फोडणारे आणि तारा जाळणारे व्यवसाय, आणि 1927 पासून खाडीच्या काठावर कचरा झेलणारे देवनार. यातील कोणाचा वाटा किती, हे केवळ पाणी तपासून कधीच ठरणार नाही. गाळाचे उभे नमुने काढून थर मोजले तर कोणत्या काळात काय साचले, याचा बराच अंदाज येतो.

खाडीचे मासे खाऊ नका, अशी सरसकट भीती पसरवणे मला अन्यायाचे वाटते. तिचा भुर्दंड कोळी कुटुंबांना पडतो, ज्यांनी खाडीत एक थेंबही विष सोडलेले नाही. ठिकाण आणि माशाची जात सांगणारी माहिती मिळाली, तर कोणती मासळी निर्धास्त खावी हेही सांगता येईल.

म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळ, कांदळवन कक्ष आणि खाडीकाठच्या महापालिकांना माझी विनंती आहे. गाळ, तिवर आणि मासळी यांची तपासणी ठरावीक ठिकाणी दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करावी. गाळ उपसण्याचे काम सुरू होण्याआधी त्याचा अहवाल घ्यावा आणि उपसलेला गाळ कुठे टाकणार, हे परवानगीतच लिहावे. हे आकडे संकेतस्थळावर ठेवण्याबरोबरच प्रत्येक जेट्टीवर, मासळी उतरते त्या जागी, मराठीत फलकावर लावावेत.

आपला विश्वासू,
खाडीकाठचा एक रहिवासी, ऐरोली