पन्नासची मोड

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू चिऊच्या दुकानाची गंमत सांगितलीस तेव्हा हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर ती डोक्यातून जाईना. पोरीने बिस्किटांच्या खोक्यावर दुकान मांडलं, आजीला गिऱ्हाईक केलं, आजीने कागदाचे खोटे पैसे पुढे केले तर म्हणाली, "पैसे नको, स्कॅन कर." आणि वर स्वतःच तोंडाने "टिंग"! मग तुझा आवाज जरा उतरला. दहाच्या तीन नोटा आणि रुपयाची चार नाणी हातात दिली की ती "सात" म्हणते, असं तू सांगितलंस. बाप कॅशियर, दिवसभर नोटा मोजतो, आणि लेक चौतिसाला सात म्हणते.

फोनवर मी "येईल रे हळूहळू" म्हणून वेळ मारून नेली. आज रविवार आहे, सौ. माहेरी गेलीय, तेव्हा निवांत लिहितो.

पहिली गोष्ट, "सात" हे उत्तर मूर्खपणाचं नाही. तिच्यासमोर सात वस्तू होत्या, तिने सात मोजल्या. दहाच्या नोटेत दहा कुठे दिसतात? तो नुसता चॉकलेटी रंगाचा कागद. त्याच्या मागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक दिसतं, रुपये दिसत नाहीत. तो कागद म्हणजे दहा रुपये हे आपण मोठ्यांनी ठरवलंय, आणि ठरवलेल्या गोष्टी लहान मुलांना आपोआप कशा कळाव्यात? नाण्यांची तर आणखी वेगळी तऱ्हा. २०११ साली आलेल्या नाण्यांत दोनचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि पाचचं २३ मिलिमीटरचं. म्हणजे दोन रुपये अंगाने पाचपेक्षा थोर! माझ्याकडच्या पहिलीतल्या एका पठ्ठ्याने पाचचं नाणं देऊन दोनचं घेतलं आणि वर्गभर फुशारकी मारली.

म्हणून माझं म्हणणं ऐक. दशक शिकवायला पैशापासून सुरुवात करू नकोस. आधी असं काहीतरी दे ज्यात दहा खरोखर दिसतात. मी खराट्याच्या काड्या वापरतो. फुकट मिळतात आणि मोडल्या तरी कुणी ओरडत नाही. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, झाला एक गठ्ठा. चिऊला तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या दे. पहिल्यांदा ती कदाचित इथेही सातच म्हणेल. म्हणू दे. "रबर काढून बघ" म्हण. सोडेल, मोजेल, चौतीस येतील. मग म्हण, "आता परत बांध." बांधायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. निदान आठ-दहा दिवस हाच खेळ चालू दे, वही नाही आणि पेन्सिलही नाही. तुला कंटाळा येईल, तिला येणार नाही.

त्यानंतर पैसे काढ, पण फक्त दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. दोन, पाच, वीस, पन्नास सगळं कपाटात. ही आपली व्यवहारातली सोय आहे, एकक-दशकाच्या घरांत त्यांना जागा नाही. रुपयाची दहा नाणी झाली की "बँकेत" म्हणजे तुझ्याकडे यायचं आणि एक बंदी, म्हणजे अख्खी, नोट न्यायची. सुटे हवे असले की नोट आणायची आणि मोडून न्यायची. कॅशियरच्या पोरीला याहून चांगला खेळ कुठला? तुमच्याकडे तर शंभर नोटांचं पाकीट आणि दहा पाकिटांचं बंडल असतं ना? म्हणजे दहाच्या नोटांचं एक पाकीट हजाराचं आणि बंडल दहा हजारांचं. तू रोज स्थानिक किंमत हाताळतोस लेका, फक्त तिला तसं म्हणत नाहीस.

आता मला सुचलेलं, खरं तर एका पोरीने मला शिकवलेलं, सांगतो. ते लिहायलाच हे पत्र घेतलंय.

आमच्या शाळेत दरवर्षी मुलांचा बाजार भरतो. पोरं घरून भाजी, भेळ, शेंगदाण्याचे लाडू आणतात, पटांगणात पोती अंथरून बसतात, आणि गाव गिऱ्हाईक होऊन येतं. या वर्षी तिसरीतली एक पोरगी भरताची वांगी घेऊन बसली होती. वर्गात तिची वजाबाकी कच्ची, इतकी की माझ्या वहीत तिच्या नावापुढे लाल खूण आहे. मी मुद्दाम तिच्या मागे उभा राहिलो. एका आजोबांनी अर्धा किलो वांगी घेतली, अठरा रुपये झाले, पन्नासची नोट दिली. पोरीने डोळे मिटले नाहीत की बोटं मोजली नाहीत. त्यांच्या तळहातावर दोनचं नाणं ठेवलं, म्हणाली "वीस". दहाची नोट ठेवली, "तीस". वीसची ठेवली, "पन्नास". आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. आजोबांनी मोजलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ५० – १८ लिहिलं आणि तिलाच बोलावलं. तिने खडू घेतला आणि उत्तर लिहिलं, ४८. कसं आलं ते तुझ्या लक्षात आलं असेल. शून्यातून आठ जात नाहीत, मग आठातून शून्य घालव, राहिले आठ. पाचातून एक गेला, चार. मी विचारलं, "काल आजोबांना अठ्ठेचाळीस परत दिले असतेस तर?" क्षणभर थांबली आणि हसली. "मग वांगी दोन रुपयांत गेली असती, सर!" मी म्हटलं, "मग हे काय लिहिलंस?" तर म्हणते, "वहीतलं वेगळं असतं ना."

बाळ्या, सतरा वर्षं नोकरी झाली माझी. त्या वाक्यावर मी खडू खाली ठेवला.

हे फक्त आमच्याकडेच घडतं असं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पोरांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला होता. धंद्यावर त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, आणि तसलेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तर जेमतेम ३७ टक्के. अलीकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दलही तसंच दिसून आलं. मी हे वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि आपल्याच फळ्यावर बघणं वेगळं.

मग मी काय केलं? दहाच्या पाच नोटा तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "मला अठरा रुपये दे." एक नोट दिली. आठ द्यायचे उरले. "सुट्टे नाहीत, सर." "मग?" "मोड आणते." शेजारच्या पोराला मी बँक करून बसवलं होतं. त्याच्याकडून नोट मोडून दहा नाणी आणली, आठ मला दिली. "किती नोटा राहिल्या?" "तीन." "आणि नाणी?" "दोन." मग म्हटलं, जे केलंस तेच फळ्यावर लिही. पाचावर काट मारून चार लिहिले, शून्याच्या डोक्यावर दहा लिहिले. आणि लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाली, "ही मोडच आहे की."

इतकी वर्षं मी काय सांगत होतो, तर "शेजाऱ्याकडून उसना घे". आपल्या गुरुजींनी आपल्याला तेच सांगितलं, मी पोरांना. पण उसनं घेतलं की परत करावं लागतं! एका पोराने मला खरंच विचारलं होतं, "सर, परत कधी द्यायचा?" मी त्याला गप्प केलं होतं. तो बरोबर होता. दशक कुणी उसना घेत नाही, तो मोडतो. पुस्तकात "दशक सुटा करणे" असं आहे, ते ठीकच, पण पोरांच्या तोंडात "मोड" आहे. बंदा, सुटे, मोड, चिल्लर, हे शब्द घरात, दुकानात, एसटीत त्यांच्या कानावर रोज पडतात. मी तो शब्द वर्गाबाहेर ठेवला होता, एवढंच.

आणि सुट्ट्यांची गंमत ऐक. आमच्या गावच्या दुकानात रुपया सुटा नसला की गोळी देतात. तर वर्गातल्या खोट्या दुकानात एकाने मला चार रुपये परत करताना तीन नाणी आणि एक चिंचोका दिला. "हे काय?" तर "गोळी." व्यवहारात पोरगं पक्कं आहे, गणिताचं बघू.

तू विचारशील, पैशाचं एवढं जमतं तर आपल्या आजोबांच्या काळात पैशानेच का शिकवत नव्हते? जमलंच नसतं. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपया दहाच्या हिशेबात बसतच नव्हता. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पयांचा पैसा. म्हणून तर त्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करावे लागायचे. रुपयाचे शंभर पैसे झाले तेव्हा कुठे नाणी आणि दशमान एका रेषेत आले. चार आणे-आठ आणे जिभेवर राहिले, पण पंचवीस पैसेही २०११ मध्ये चलनातून गेले.

याहून जुनं हवं तर आमच्याच तालुक्यात ये. गेल्या हिवाळ्यात पोरांची सहल पाटणादेवीला नेली होती. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे. भास्कराचार्यांची लीलावती, म्हणजे त्यांची गणिताची पोथी, ११५० ची. तिच्यात सुरुवातीलाच काय आहे, तर नाण्यांचं कोष्टक. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. मग वजनं-मापं, आणि त्यानंतर एक, दश, शत, सहस्र. मी देवळाच्या सावलीत हे पोरांना सांगत होतो आणि त्यांचं सगळं लक्ष माकडांकडे.

आता चिऊची दुसरी अडचण. ती इंग्रजी माध्यमात, त्यामुळे भाजीवाली "एकोणपन्नास" म्हणाली की ती तुझ्या तोंडाकडे बघते. आमची मराठी पोरंही तिथेच अडखळतात बरं. "एकोणपन्नास" ऐकलं की पन्नास कानावर येतात आणि ५९ लिहून मोकळे. "पंचवीस" मध्ये पाच आधी ऐकू येतात म्हणून ५२. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "सत्तर पाच" असं वाचन जोडीला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय? विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. मंगला नारळीकर बाई गणित समितीच्या अध्यक्षा होत्या, शांतपणे कारणं सांगत राहिल्या. स्टाफरूममध्ये मीही तेव्हा टिंगल केली होती. आता पहिलीच्या पोरांना गठ्ठे दाखवताना मी बिनदिक्कत "दोन गठ्ठे पाच, वीस पाच, पंचवीस" असं एका दमात म्हणतो. आधी शिडी, मग माडी. पंचवीस कुठे पळून जात नाही. तू चिऊला एवढंच सांग की एकोण म्हणजे एक कमी. एक नाणं कमी पडलं म्हणून पन्नासची नोट मिळाली नाही, ते एकोणपन्नास. तिला पटेल.

शंभराच्या पुढे गेलात की "एकशे पाच" ती १००५ लिहील, पैज लावतो. ओरडू नकोस. कागदावर तीन घरं आखून दे. शंभराची एक नोट, रुपयाची पाच नाणी. मधलं घर रिकामं राहतं, त्या रिकाम्या घरात शून्य बसतं. शून्य म्हणजे "इथे कुणी नाही" अशी पाटी, असं मी सांगतो.

वहिनींनी अबॅकसच्या क्लासचं विचारलं होतं. घालायला हरकत नाही, पण फी भरण्याआधी दोन महिने तिला रोज रोख पैसे देऊन कोथिंबीर आणायला पाठवा. सोबत उभे राहा, पण मध्ये बोलू नका. तुला हे सगळ्यात अवघड जाईल, मला माहीत आहे. डी.एड.ला असताना माझा पाठ चालू असतानाही तू मागून उत्तरं सांगायचास.

दिवाळीत येणारच आहेस, तर एक काम कर. जमलं तर बँकेतून रुपयाची नवी नाणी दोनशे आण वर्गासाठी. इथे मिळता मिळत नाहीत. पैसे मी रोख देईन, शंभराच्या दोन बंद्या नोटा. मोजून मात्र चिऊ घेईल.

आईला नमस्कार, वहिनींना नमस्कार, दुकानदारीणबाईंना गोळी.

तुझाच,
मास्तर